पायऱ्या

सोळा दिवसांतून एकदा तो वरून जातो,
सकाळी दहाच्या सुमारास.
बहुतेक वेळा त्याला ढगच दिसतात.
ते ढग मी कापून टाकते,
आणि खाली काय असेल ते
मागच्या फेरीवरून, पुढच्या फेरीवरून
अंदाजाने भरते.
बोगोरला, चौथ्या मजल्यावर, नऊ वर्षं
हेच माझं काम.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद,
एवढा एक ठिपका.
आणि एका ठिपक्याला एकच नाव.

या ठिपक्याला मी नाव दिलं होतं
'ऱ्हास पावलेलं झुडूप'.
आज मी त्याच्यात उभी आहे,
गुडघाभर, कोऱ्या चहासारख्या पाण्यात,
आणि मीना लामियांग काठावरून विचारते,
काय हरवलं?
(मीना हे नाव नाही. इकडे मावशीला मीना म्हणतात.)

झुडूप, मी म्हणते.
ती हसत नाही. हाताने दाखवत जाते:
ते रबराचं झाड, नवऱ्याने लावलेल्या दोनशेतलं,
आगीनंतर उरलेलं.
तो वेत, अजून टोपलीजोगा झाला नाही.
हा खड्डा, पाणी ओसरलं की यात मासे अडकतात.
आणि तिकडे नको जाऊस,
तिकडे थोरल्याची नाळ पुरली आहे.

माझ्या यादीत सात प्रकार आहेत.

दुपारी आम्ही सळई खुपसली.
एक मीटर, दोन, चार,
रिंतो घामाघूम, सळई अजून जातेच आहे.
साडेसहाला खालची चिकणमाती लागली.
तळाचा गाळ तळहातावर घेतला
तर त्यात एक पान,
शिरांसकट.
पाच हजार वर्षं कुजायचं राहून गेलेलं.
वर पाणी होतं म्हणून.
पाणी म्हणजे बाटलीचं बूच.
मग कुणीतरी दूरच्या शहरात नकाशावर सरळ रेघा ओढल्या,
त्यांचे कालवे झाले, पाणी नदीला गेलं,
आणि हे सगळं पान पान
हवेत जायला मोकळं झालं.
कधी आगीने. बहुतेक आगीशिवायच.

दुसरा एक उपग्रह आहे, रडारचा,
तो ढगांना जुमानत नाही.
मी मीनाला त्याचा नकाशा दाखवला, थोड्या तोऱ्यात:
हे लाल दिसतं ना, हे तुमचं गाव.
इथली जमीन दरवर्षी
साडेतीन सेंटिमीटर खाली जाते.

ती म्हणाली, चल.

तिचं घर खांबांवर. खांब खोल, चिकणमातीत रुतलेले,
म्हणून घर आहे तिथेच.
लग्न होऊन आले तेव्हा, ती म्हणाली, एक पायरी होती.
आता पाच.
वरची उलिनच्या लाकडाची, काळी, लोखंडासारखी.
दुसरी, तिसरी मेरांतीची.
चौथी मोडक्या होडीची फळी, तिच्यावर अजून निळा रंग.
पाचवी सिमेंटची. लाकूड उरलं नाही गं.

मी टेप काढली. खालचं टोक तिने धरलं.
चार नव्या पायऱ्या, एकशे चार सेंटिमीटर,
अठ्ठावीस वर्षांत.
भागाकार मी मनातच केला.
माझ्या आकड्यात आणि या जिन्यात
वर्षाला दोन मिलीमीटरचा फरक.
चूक उपग्रहाची की सुताराची, सांगता येत नाही.

आम्ही होडीच्या फळीवर बसलो.
तिने विचारलं, वरून मी दिसते?
नाही, मी म्हटलं. माणूस दिसत नाही.
तुम्ही गेलात तर दिसेल.
पुढच्या वर्षी, दोन वर्षांनी,
ठिपक्याचा रंग बदलेल.

ती बराच वेळ पायाने पाणी हलवत राहिली.
पुन्हा कधी येतो तो?
गुरुवारी. दहाला.

गुरुवारी मी पलीकडे जाळ्यावर असते, ती म्हणाली.
घरी कुणीच नसेल.
एवढ्या लांबून येणारा माणूस,
आधी कळवायला नको?